पावसाळ्यातली वाटबंदी : काशीमिरा-घोडबंदरच्या डोंगरातील एका जुन्या रिवाजाचा इतिहास

मीरा-भाईंदर शहराच्या पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. काशीमिरा, वरसावे, चेणे आणि घोडबंदर ही गावे या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो. उत्तरेला वसईची खाडी आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. उद्यानाच्या उत्तर उतारावरचे पाणी चेणे नदीतून खाडीला मिळते. एरवी या भागात लोक पायवाटांनी फिरतात, पण जून ते सप्टेंबर या काळात ओढ्याकाठच्या आणि धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा बंद केल्या जातात. वनविभागाचे कर्मचारी आणि पोलीस लोकांना पायथ्यावरूनच परत पाठवतात. पाऊस ओसरल्यावरही काही वाटा लगेच खुल्या होत नाहीत.

या बंदीचे आदेश हल्लीच्या कायद्यांनुसार निघतात, म्हणून ती नवी वाटते. पण पावसात डोंगरवाटांवरची ये-जा थांबवण्याचा रिवाज याच डोंगररांगेत दोन हजार वर्षे जुना आहे. तो पाळण्याची कारणे काळाप्रमाणे वेगवेगळ्या शब्दांत सांगितली गेली. त्यांचा गाभा मात्र फारसा बदललेला नाही: चालणाऱ्याचा जीव, वाटेवरचे जीव आणि खुद्द वाट.

कान्हेरीचा वर्षावास

काशीमिऱ्याच्या दक्षिणेला, याच उद्यानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास ती कोरायला सुरुवात झाली आणि हजारएक वर्षे तिथे बौद्ध भिक्खूंची वस्ती राहिली. शंभरावर लेण्यांमध्ये राहण्याच्या खोल्या, दगडी ओटे आणि पाण्याची टाकी आहेत. कातळात खोदलेल्या पायऱ्या एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे नेतात आणि पाटांमधून पावसाचे पाणी टाक्यांत उतरते. पावसाळ्यात एका जागी मुक्काम करून राहता यावे अशीच ही रचना आहे.

भिक्खूंनी वर्षाचा मोठा भाग पायी फिरत राहावे अशी अपेक्षा असे. पावसाळ्यात मात्र मुक्काम एका ठिकाणी हवा, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम होता. या मुक्कामाला वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो आणि तीन महिने चालतो. या नियमाचे कारण विनयपिटकाच्या महावग्गात दिले आहे. भिक्खू थंडी, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत सारखेच फिरतात, कोवळे गवत तुडवतात आणि असंख्य लहान जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी तक्रार लोकांनी केली. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून राहतात, मग या लोकांना थांबायला काय झाले, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. नियमाला अपवादही होते. कोणी आजारी असेल किंवा तसेच महत्त्वाचे काम निघाले तर सात दिवसांपुरते बाहेर जाता येई, पण मुदतीत परत यावे लागे.

या मुक्कामाचा खर्च समाज उचलत असे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली आणि तिच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत अशी व्यवस्था लावली. वाटेवर न जाणाऱ्यांची सोय करणे हे दानाचे काम मानले जाई.

जैन परंपरेत हाच रिवाज चातुर्मास म्हणून आजही जसाच्या तसा चालतो. मीरा-भाईंदरमध्ये जैन समाज मोठा आहे आणि शहरातल्या उपाश्रयांत दरवर्षी साधू-साध्वी चातुर्मासासाठी येतात. एरवी अनवाणी पायी विहार करणारे हे लोक आषाढी पौर्णिमेच्या सुमारापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गाव सोडत नाहीत. पावसात जमिनीवर जीवजंतू आणि अंकुर इतके वाढतात की त्यांना न दुखावता चालणे अशक्य होते, हे त्यामागचे कारण आहे. कान्हेरीच्या डोंगराजवळच्या या शहरात दोन हजार वर्षांपूर्वीचा विचार असा आजही पाळला जातो.

मोहिमा, तांडे आणि बंद समुद्र

राज्यकारभार आणि व्यापारही याच ऋतुचक्राने चालत. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. परतणे शक्य नसेल तर एका जागी छावणी करून पावसाळा काढत. घोडबंदरच्या परिसराने ही लगबग जवळून पाहिली आहे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांकडे आला. वसईच्या वेढ्याचा निकाल मे १७३९ मध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना लागला. आणखी महिनाभर वेढा लांबला असता तर चिखल, भरलेले ओढे आणि खवळलेली खाडी यांतून तोफा व रसद हलवणे जवळपास अशक्य झाले असते.

देश आणि कोकण यांच्यातला माल घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून येई. वंजाऱ्यांचे तांडे उघडिपीच्या आठ महिन्यांत धान्य खाली आणत आणि मीठ वर नेत. पावसाळ्यात घाटवाटा निसरड्या होत, ओढ्यांना उतार राहत नसे आणि जनावरांच्या पायांना खडकावर पकड मिळत नसे. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तरी कोकणातले बहुतेक रस्ते पुढची कित्येक दशके उघडिपीचे रस्ते म्हणूनच ओळखले जात. ओढ्यांवर पूल नसलेला असा रस्ता पाऊस लागला की आपोआप बंद पडे आणि दिवाळीच्या सुमारास डागडुजी करून पुन्हा वापरात येई.

गावातल्या वाटांचेही तसेच होते. भाताच्या खाचरांमधले बांध उन्हाळ्यात पायवाटा असतात. लावणीपूर्वी त्यांना नवी माती लावली की त्यांच्यावरून चालणे शेतकऱ्याला खपत नाही, कारण ओला बांध पायाने फुटला तर खाचरातले पाणी वाहून जाते. पायाने माती हलते हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

समुद्राची वाटही बंद होत असे. मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या उत्तनचे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नवा हंगाम धरतात. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली यांत्रिक नौकांवर आज १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. तिची कारणे दोन आहेत: खवळलेल्या समुद्रात माणसाच्या जिवाला धोका असतो आणि हाच काळ माशांच्या विणीचा असतो. डोंगरातल्या वाटबंदीमागेही हीच दोन कारणे एकत्र येतात.

राखीव जंगल आणि कायद्याची बंदी

एकोणिसाव्या शतकात या डोंगराला नवे मालक मिळाले. मुंबईच्या पाण्यासाठी विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पूर्ण झाला. तलावाचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या उतारांवर वस्ती, गुरे आणि वर्दळ यांना मज्जाव झाला. पाणलोटाची माती तलावात आली तर तलाव गाळाने भरतो, हे त्यामागचे साधे गणित होते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची कल्पना पक्की केली आणि १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ ने राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेश परवानगीवर सोपवला. उद्यानातली वाट त्यामुळे सार्वजनिक रस्ता ठरत नाही. ती उघडायची की नाही आणि केव्हा, हे वनविभाग ठरवतो.

ओढे आणि धबधबे यांच्याबाबत जिल्हा प्रशासन आणि पोलीस मनाई आदेश काढतात. पूर्वी हे आदेश १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून पावसाळाभर बंदी ठेवायची तर मधे नवा आदेश काढावा लागतो. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही धोक्याच्या जागी लोकांचा प्रवेश रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला देतो. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले, तेव्हापासून खाडीच्या दोन्ही बाजूंचे डोंगर एकाच पोलीस यंत्रणेच्या हद्दीत आले.

शहर वाढले, वाटा तेवढ्याच राहिल्या

जुन्या काळी पावसात डोंगरावर जाणारा माणूस गुराखी, लाकूडफाटा किंवा रानभाज्या गोळा करणारा आदिवासी, नाहीतर वनरक्षक असे. हौसेने डोंगर चढणे मुंबईत १९५० च्या दशकात रुजू लागले. गिरिविहार ही संस्था १९५४ साली स्थापन झाली आणि त्यानंतर अनेक क्लब निघाले. तरीही ही मंडळी थोडी होती, एकमेकांना ओळखणारी होती आणि अनुभवी माणसाच्या मागे चालणारी होती.

पुढच्या काही दशकांत पायथ्याचे चित्र पार बदलले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती. ती २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर पोहोचली. महापालिका २००२ साली झाली. शहराला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, पण वाटा तेवढ्याच आहेत आणि त्याही दोन माणसे शेजारी चालू शकणार नाहीत इतक्या अरुंद. पावसातल्या शनिवार-रविवारी शेकडो लोक एकाच ओढ्याकडे निघाले की काय होते, ते खाडीपलीकडे दिसले. ७ जुलै २०१८ रोजी तुंगारेश्वर अभयारण्यातल्या चिंचोटी धबधब्यावर अचानक पाणी वाढले. शंभराहून अधिक लोक अडकून पडले आणि एकाचा बुडून मृत्यू झाला.

राज्यात इतरत्रही बंदीचे आदेश बहुधा दुर्घटनेनंतर कडक झाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली आणि ८० हून अधिक माणसे दगावली. गडावर जाणारे गिर्यारोहक याच वाडीतून चढत असत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लागू झाले. त्याच वर्षी ७ जुलैला रायगडावर इतका पाऊस झाला की पायऱ्यांवरून लोंढे वाहू लागले आणि पायरीमार्ग काही काळ बंद ठेवावा लागला.

भिजलेल्या वाटेवर काय घडते

सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या उद्यानाच्या डोंगरातच उगम पावतात, आणि त्या दिवशी त्यांचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. हवामान विभागाच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस समजतात. कोकणाच्या डोंगरात असे दिवस दर पावसाळ्यात येतात.

या डोंगराचा खडक ज्वालामुखीचा आहे आणि त्यावर मातीचा थर पातळ आहे. पाणी मुरायला जागा कमी असल्याने ते उतारावरून झटपट ओढ्यात येते. धबधब्याखाली ऊन असले तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणे, आवाज वाढणे या खुणा दिसू लागल्या की लोंढा दूर नसतो. गुडघाभर पाणीही जोरात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते. कातळावर शेवाळ धरलेले असते आणि चढताना टिकलेला पाय उतरताना सटकतो.

मातीचे नुकसान हळू होते, म्हणून ते लक्षात येत नाही. कोरड्या मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पावसात त्या पाण्याने भरतात आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. अशा मातीत बूट रुतला की पोकळ्या दाबल्या जातात आणि ठशाचा तळ घट्ट होतो. त्या ठशात पाणी साचते. मागून येणारा माणूस चिखल टाळायला कडेच्या गवतावर पाय ठेवतो, त्याच्यामागचा आणखी कडेला सरकतो, आणि हातभर वाट महिन्याभरात चार हात रुंद होते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून ते वाटेवरूनच धावते. उतारावर त्याला वेग येतो, मुरूम निघून जातो, झाडांची मुळे उघडी पडतात आणि एकदोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. ती माती खाली ओढ्यात, तलावात आणि शेवटी खाडीत जाते.

वाटेवरच्या जिवांचा हंगामही हाच असतो. बेडूक ओढ्याकाठी अंडी घालतात, खेकडे आणि शंखगोगलगायी बाहेर येतात, साप सखल भागातून वर सरकतात. कारवी या झुडपाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. उद्यानातल्या उतारांवर ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ ही तिच्या फुलोऱ्याची वर्षे होती. फुलून गेलेली झाडे मरतात, पुढच्या उन्हाळ्यात बोंडे तडकून बिया पडतात आणि पहिल्या पावसात सगळी रोपे एकदम उगवतात. त्या एका पावसाळ्यात उतार तुडवला गेला तर पुढच्या आठ वर्षांची कारवी तिथे विरळ होते. कारवीची मुळे जिथे नसतात तिथे मातीही लवकर सरकते.

पाऊस थांबल्यावरही बंदी का

पाऊस थांबला की आकाश मोकळे होते, पण डोंगर आतून भिजलेला असतो. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी वाट शोधत राहते. जमिनीत पाण्याचा दाब वाढलेला असल्याने दरड पावसानंतर काही तासांनी किंवा दिवसांनीही कोसळू शकते. ओल्या मातीतली झाडे साध्या वाऱ्याने उन्मळतात. सावलीतली शेवाळ लागलेली वाट उन्हात असलेल्या वाटेपेक्षा उशिरा सुकते. म्हणून वाट केव्हा उघडावी हे केवळ तारखेवर ठरत नाही. वनरक्षक आधी वाट फिरून पाहतो, पडलेली झाडे आणि सैल दगड हटवले जातात, आणि पाय ठेवल्यावर माती रुतत नाही अशी स्थिती आली की लोकांना सोडले जाते. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मात्र १ जुलै ते ३० सप्टेंबर अशी ठरलेली पर्यटनबंदी असते. तिथे कच्च्या रस्त्यांची स्थिती आणि वन्यप्राण्यांना मिळणारी शांतता या दोन्हींचा विचार असतो.

जगात इतरत्रही हेच दिसते. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यात बर्फ वितळल्यानंतरच्या चिखलाच्या हंगामात उंचावरच्या वाटांवर जाऊ नये असे सांगितले जाते. क्रीट बेटावरची समारिया घळ पावसाची शक्यता असली की बंद ठेवतात. न्यूझीलंडच्या ऑकलंडजवळ वाइताकेरे डोंगरातल्या वाटा २०१८ साली बंद केल्या गेल्या, कारण ओल्या बुटांना चिकटलेल्या मातीतून कौरी वृक्षांचा रोग एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचत होता.

आजची व्यवस्था आणि नागरिकांचे काम

बंदी म्हणजे डोंगराशी संबंध पूर्ण तोडणे असे नसते. वर्षावासाला जशी सात दिवसांची सवलत होती, तशी उद्यानातही सोय आहे. शिलोंड्यासारख्या वाटेवर वनविभागाच्या परवानगीने आणि मार्गदर्शकाबरोबर जाता येते. लहान गट, ठरलेली वेळ आणि वाट माहीत असलेला माणूस या तीन गोष्टींमुळे धोकाही कमी राहतो आणि मातीवरचा भारही.

भिक्खू, वंजारी, शेतकरी आणि कोळी यांनी पावसाच्या महिन्यांत वाटेला सुट्टी दिली. त्यासाठी त्यांना फाटकावर पोलीस उभा करावा लागला नाही. आज आठ लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला ती सवय आदेशाने लावावी लागते, आणि आदेश दर वर्षी मोडला जातो. ज्याला पावसात काशीमिऱ्याच्या किंवा चेण्याच्या डोंगरावर जायचे आहे, त्याने निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहावा, वनविभागाकडे वाट खुली आहे का ते विचारावे, आणि नाही असे उत्तर मिळाले तर परत फिरावे. दिवाळीनंतर तीच वाट कोरडी, शाबूत आणि चालण्याजोगी मिळते.